लोड खाली आला नव्हता

धुळातात्या एसटीत चढले की जागा धरायच्या आधी माणसं मोजायचे. बारामती स्टँडवर वालचंदनगरची गाडी सुटायच्या बेतात असायची, बायका खिडकीतून पिशव्या आत टाकत असायच्या, आणि हा सहा फुटी माणूस दाराच्या दांड्याला धरून, ओठ हलवत, पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत नजर फिरवायचा. मोजून झालं की कंडक्टरला आकडा सांगायचा.

"एक्केचाळीस. तुमी आन ड्रायव्हर धरून त्रेचाळीस."

"तात्या, तुमाला एसटीनं चेकर केलंय का?"

"चेकर कशाला? गाडी उलाटली तर किती जण हुडकायचं, ह्ये कुणाला तरी ठाव पायजे का नको?"

"सकाळच्या पारी जरा चांगलं बोला की."

गाडीतली माणसं हसायची. तात्या हसायचे नाहीत. मागच्या संकटकाळच्या खिडकीजवळ जागा बघायचे, तिचा खटका हलवून पाहायचे आणि मगच टेकायचे.

ही सवय समुद्रातली. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळंबचा हा माणूस मुंबईपुढच्या समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला होता. तिथं दर आठवड्याला भोंगा व्हायचा आणि हातातलं काम टाकून सगळ्यांनी लाईफबोटीपाशी जमायचं. त्याला मस्टर म्हणतात. भिंतीवर एक फळा, फळ्यात खाचा, आणि प्रत्येक खाचेत एकेका माणसाचं कार्ड. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला की कार्ड लावायचं, उतरताना काढायचं. कार्डं आणि डोकी जुळली तर ठीक.

"आमचा एक फिटर कार्ड न काढताच बोटीत बसून गेला," तात्या सांगायचे. "मस्टरला एक माणूस कमी. समदे वाऱ्यात हुभे. दोन बोटी पाण्यात फिरत्यात त्येला हुडकत. आन गडी घरी बसून मटण हाणतोय." ऐकणारे हसले की ते थोडं थांबायचे. "पर एक हाय. माणूस नसला तरी कार्ड हाय तवर हुडकत ऱ्हायाचं. त्यो तितला नेम."

तात्यांच्या बापानं मेंढरं राखली, माझ्याही. तात्या सातवीपर्यंत शिकले आणि जवळच्या कारखान्यात खलाशी म्हणून लागले. अवजड यंत्रं दोरखंडानं, कप्पीनं उचलून जागेवर बसवणाऱ्याला कारखान्यात खलाशी म्हणतात. तेव्हा त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पुढं एक ठेकेदार कंपनी चांगले खलाशी शोधत आली आणि यांना घेऊन गेली. अठ्ठावीस दिवस समुद्रात, चौदा दिवस कळंबला. त्यांच्या बायकोला, सोनाकाकूंना, या नोकरीचं कौतुक नव्हतं. "चारी अंगानं पाणी," त्या म्हणायच्या, "आन ह्ये तितं हीर खांदायला गेल्यात."

चौदा दिवसांच्या सुट्टीतही तात्या प्लॅटफॉर्मवरच असायचे. अंगात नारिंगी बॉयलर सूट, त्यावर टोपी. गोठ्यातल्या म्हशीचा दोर अशा गाठीनं बांधलेला, की म्हशीनं कितीही हिसडे दिले तरी सुटायची नाही आणि काकूंनी दोन बोटांनी ढकलली की सुटायची. एकदा वायरमन खांबावर चढत होता. तात्यांनी त्याचा पाय धरला.

"परमिट कुठाय?"

"कसलं परमिट, तात्या?"

"लाईट बंद केल्याचा कागुद."

"फोन केलाय की सबस्टेशनला."

तात्या सायकलवर टांग टाकून सबस्टेशनला गेले. लाईन चालूच होती. फोन घेणारा चहाला गेला होता. वायरमन पुढं दरवर्षी त्यांच्या घरी पेढे घेऊन यायचा आणि तात्या दरवर्षी त्याला तोच प्रश्न विचारायचे, "कागुद घेतोस का आता?"

पण त्यांचा खरा नेम एकच. वर टांगलेल्या वजनाखाली, त्यांच्या भाषेत लोडाखाली, उभं राहायचं नाही. बिरोबाच्या देवळावर कळस चढवायचा होता. चेन-कप्पी तात्यांच्या हातात. खाली सगळं गाव, आणि मध्यभागी हार घालून सरपंच. तात्यांनी साखळी बाजूला ठेवली, खाली येऊन चुना टाकून गोल आखला आणि माणसं गोलाबाहेर काढली. सरपंच हलेनात.

"तात्या, मला हटवताय?"

"व्हय."

"मी सरपंच हाय गावचा."

"लोडाला सरपंच कळत न्हाय."

सरपंच सरकले. कळस चढला. ते वाक्य पुढं गावानं उचललं. कुणी फार मोठेपणा करायला लागला की मागून कुणीतरी म्हणायचं, लोडाला सरपंच कळत न्हाय. मीही हसून म्हणायचो. आपल्याला ते लागू पडतं असं मला वाटलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पुण्यातून वकील होऊन आलो आणि बारामतीत कोर्टाजवळ एका खोलीत टेबल टाकलं. पाटीवर बी.ए. आणि एलएल.बी. दोन्ही लिहून घेतलं. पाटी रंगवणारा म्हणाला, "एक लिवलं तरी चालतं, सायेब." मी म्हटलं, दोन्ही लिही. गावाकडचा कुठलाही कागद, सातबारा असो की सोसायटीची नोटीस, आधी माझ्याकडं यायचा. माणसं कागद टेबलावर ठेवून माझ्या तोंडाकडं बघत राहायची. त्या बघण्याची सवय लागते. "मला माहीत नाही, पुस्तक बघून सांगतो," हे वाक्य त्या बघण्यासमोर तोंडातून निघत नाही. माझ्या तरी निघालं नाही.

तात्या मला लहानपणापासून भिवा म्हणायचे. ज्या दिवशी सनद मिळाली त्या दिवशी भिवा संपला आणि वकीलसाहेब सुरू झाला. अरेतुरे गेलं, अहोजाहो आलं. मी एकदाही म्हटलं नाही, की तात्या, भिवाच म्हणा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत तात्यांचा उजवा हात गेला.

ते सामानाच्या बोटीवर होते. प्लॅटफॉर्मची क्रेन वरून पाइपांचा गठ्ठा बोटीवर उतरवत होती आणि तात्या बाजूला उभे राहून, गठ्ठ्याला बांधलेला दोर धरून त्याला दिशा देत होते. लाट आली. बोट उचलली गेली, गठ्ठा फिरला, आणि हात पाइप आणि कठड्याच्या मधे सापडला. अंगठा आणि शेजारच्या बोटाचा अर्धा तुकडा राहिला. हेलिकॉप्टरनं मुंबईला नेलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. त्यांचं कार्ड फळ्यातच राहिलं होतं. जोडीदारानं ते काढून पोस्टानं कळंबला पाठवलं. तेव्हापासून ते त्यांच्या खिशात असायचं, इंग्रजीत नाव असलेलं लाल प्लास्टिकचं कार्ड.

मी भेटायला गेलो तर काकू रडत होत्या आणि तात्या मला अपघात समजावत होते. डाव्या हातात तांब्या धरला, तो क्रेनचा लोड. खाली ताट, ती बोट. तांब्या जागेवर ठेवला आणि ताट वर आणलं. खण्ण आवाज झाला.

"बघितलं? लोड खाली आला न्हाय. बोट वर आली. मी लोडाखाली न्हवतो, वकीलसाहेब. बाजूलाच हुतो."

हे त्यांनी मला त्या दिवशी तीन वेळा सांगितलं. हाताबद्दल एकदाही काही बोलले नाहीत.

चार-पाच महिन्यांनी ठेकेदार कंपनीचा माणूस जीप घेऊन कळंबला आला. स्टँपपेपरवर इंग्रजीत टाइप केलेला मजकूर आणि सोबत चेक. तात्या म्हणाले, "वकिलाला दाखविल्याबिगर न्हाय." म्हणून दोघं बारामतीला माझ्या खोलीवर आले. कंपनीचा माणूस टाय लावून होता. माझी पाटी त्यानं बाहेर उभं राहून पूर्ण वाचली, आत आला, आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. बारामतीत माझ्याशी कुणी इंग्रजीत बोलत नसे. मी इंग्रजीतच उत्तरं दिली.

तो म्हणाला, अपघात झाला ती जागा किनाऱ्यापासून कितीतरी मैल लांब. तिथं आपली हद्द नाही. कोणत्या कोर्टात जाणार? कंपनी माणुसकीखातर देते आहे. आणि मग म्हणाला, "तुम्ही वकील आहात. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की बारा सागरी मैलांपुढं देशाची हद्द संपते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरात तो प्रश्न मला आला होता आणि त्यात मला चांगले गुण पडले होते. मी मान हलवली. तात्यांकडं वळलो आणि तेच मराठीत सांगितलं, परीक्षेत लिहिलं होतं तसं.

"म्हंजी समिंदराला तालुका न्हाय," तात्या म्हणाले.

"नाही."

"मंग तितं माणूस मेला तर कुणाच्या हद्दीत मरतो?"

मी हसलो. मला तो भोळेपणा वाटला. वकिलानं विचारायला हवा तो प्रश्न त्या खोलीत तेवढ्याच एका माणसानं विचारला होता.

मग ते म्हणाले, "वाचून दावा."

मी वाचत वाचत अर्थ सांगत गेलो. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळं, टांगलेल्या वजनाखाली उभं राहिल्यामुळं झाला, आणि यापुढं त्याचा कोणताही हक्क राहणार नाही. मी तिथं अडखळलो. आणि नुसतं, "बाकी नेहमीचा मजकूर आहे," म्हणून पुढं गेलो.

तात्यांना माझं अडखळणं कळलं. "त्यात लिवलंय का, माजी चूक हुती म्हणून?"

"तसं लिहावंच लागतं, तात्या. त्याला काही अर्थ नसतो."

त्यांनी डाव्या हातानं कागद माझ्याकडं सरकवला. "तुमी म्हणताय तर," म्हणाले.

सही येणारा माणूस. पण सही उजव्या हाताची, आणि तो हात सहीपुरता राहिला नव्हता. मी शाईचा पॅड पुढं केला. डाव्या अंगठ्याला शाई मीच लावली, कागदावर अंगठा मीच दाबून धरला. खाली 'माझ्यासमक्ष' म्हणून सही केली आणि नवा रबरी शिक्का मारला. नाव, दोन्ही पदव्या, सनद क्रमांक. तो शिक्का मी पहिल्यांदा वापरला तो तात्यांच्या कागदावर. उमटला कसा हे बघायला मी कागद उजेडाकडं धरला, हे मला आठवतं.

पंच्याण्णव साली कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात दुरुस्ती झाली. दिवाळीनंतर बाररूममध्ये माझे सीनियर ते राजपत्र वाचत होते. "आता बरं झालं," ते म्हणाले. "अपघात कुठंही होऊ दे, कामगार जिथं राहतो तिथल्या आयुक्तापुढं अर्ज करता येईल. मुंबईला खेटे घालायला नकोत."

मी विचारलं, "आणि समुद्रात झाला तर? हद्दीबाहेर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "प्लॅटफॉर्मवर ना? तिथं आपले कायदे सरकारनं कधीच लागू केलेत. तू वाचलं नाहीस?"

मी त्या आठवड्यात पुण्याला जाऊन वाचलं. सागरी क्षेत्रांचा कायदा शहात्तर सालचा. त्याखाली अधिसूचना काढून तेलाच्या प्लॅटफॉर्मना देशाचे कायदे मी कॉलेजात जायच्या आधीच लावलेले होते. मग तेवीस सालचा नुकसानभरपाईचा कायदा काढला. तो कामगाराची चूक होती का, हे बहुतेक वेळा विचारतच नाही. आणि त्यातलं कलम सतरा: कामगारानं भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा कोणताही करार रद्दबातल. साडेतीन ओळींचं कलम. माझ्या शिक्क्याचा कागद पहिल्या दिवसापासून रद्दी होता. दावा करायची मुदत दोन वर्षांची. तात्यांचे अजून दोन महिने शिल्लक होते.

मी अर्ज लिहायला घेतला. पहिल्याच पानावर अडकलो. त्या कागदाचा उल्लेख करावा लागणार होता, आणि तो कागद कुणी समजावून सांगितला, हे आयुक्त विचारणारच होते. बारामतीच्या बारमध्ये सगळे वाचणार. कळंबमध्ये सगळे ऐकणार. मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं. असे आठ-नऊ आठवडे म्हटलं.

मुदतीचे थोडेच दिवस राहिले होते तेव्हा तात्या बाजारच्या दिवशी खोलीवर आले. काखेत हरभऱ्याचे ढाळे. डाव्या हातानं ते टेबलावर ठेवले. ज्या ड्रॉवरमध्ये अर्ज होता त्याच्या बरोबर वर.

"काय नवीन, वकीलसाहेब?"

"काही नाही, तात्या."

"ढाळं भाजून खावा. कवळं हाईत."

दोन वर्षं पुरी झाली त्या दिवशी मी कोर्टात गेलो, दोन तारखा घेतल्या, घरी येऊन जेवलो. काही झालं नाही. तेच वाईट होतं.

तात्या मात्र माझी जाहिरात करत फिरत होते. "आपला वकील खरं सांगतो. मिळत न्हाय तर न्हाय म्हणतो. आशेला लावत न्हाय." सत्त्याण्णवमध्ये त्यांनी मोरगावच्या रशीद आतारला माझ्याकडं आणलं. तीस-बत्तीसचा तरुण, घरी अत्तर-सुरम्याचं छोटं दुकान आणि दोन शेळ्या. त्याच कंपनीत लागलेला, तसलीच बोट, तसलाच लोड. याचा पाय गेला होता. कंपनीचा कागद त्यालाही आला होता. त्यानं अजून सही केली नव्हती.

"त्याला सांगा, समिंदराला तालुका न्हाय," तात्या मला म्हणाले. "माझ्या सांगण्यावर इस्वास न्हाय त्याचा."

दोघं माझ्यासमोर बसलेले. मी रशीदकडं बघत म्हटलं, "सही करू नकोस. आपण पुण्याला अर्ज करू."

तात्यांनी मान वळवली. "आता चालतंय?"

"कायद्यात दुरुस्ती झाली, तात्या. पंच्याण्णवला. तुमच्या वेळी तसं नव्हतं."

या वाक्याचा पहिला भाग खरा होता. त्याच्या आडोशाला मी दुसरा उभा केला.

तात्यांचा चेहरा खुलला. "बेस झालं," म्हणाले. "सुदारलं म्हणायचं. पुडच्या पोरांना तरी मिळंल." आणि रशीदच्या पाठीवर डाव्या हाताची थाप मारली.

केस नव्व्याण्णवला पुण्यात उभी राहिली. कंपनीचं म्हणणं तेच होतं, की कामगार लोडाखाली उभा होता, सांगितलेलं ऐकलं नाही, मुद्दाम नियम मोडला. बोटीवर माल कसा उतरतो हे आयुक्तांना समजावणारा माणूस हवा होता. तात्या साक्षीला तयार होतेच. नारिंगी सूट इस्त्री करून घालून आले. काकूंनी धोतर नेसा म्हटलं तर म्हणाले, "कामाचं बोलायचंय, कामाचं कपडं पायजेत."

पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी शिपायाकडं पाण्याचा पेला आणि फाईल मागितली. पेला हवेत धरायला शिपायालाच सांगितलं आणि फाईल खालून वर आणली.

"लोड खाली येत न्हाय, सायेब. बोट वर येती. बाजूला हुभा असल्याला माणूस बी सापडतो."

आयुक्त खुर्चीत पुढं सरकले. "परत दाखवा," म्हणाले. तात्यांनी परत दाखवलं. केस आमच्या बाजूला झुकलेली मला जाणवली. मला अभिमान वाटत होता, आणि त्यातला थोडा मी माझ्याकडं ठेवत होतो.

मग कंपनीचे वकील उठले. त्यांनी एक कागद काढला. स्टँपपेपर. मला तो मागच्या बाजूनं, शाईच्या डागावरून ओळखू आला.

"हा अंगठा तुमचा?"

"व्हय, माजाच."

"यात तुम्ही लिहून दिलंय, की तुमचा अपघात तुमच्या चुकीनं झाला. लोडाखाली उभं राहिल्यामुळं. मग आज कोर्टाला वेगळं सांगताय? तेव्हा खोटं बोललात की आता?"

तात्या कागदावरच्या अंगठ्याकडं बघत होते.

"हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं की नाही? साक्षीदार म्हणून इथं वकिलांची सही आहे." ते माझ्याकडं वळले आणि हसले. "विद्वान वकील इथंच आहेत."

कोर्टातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तात्यांनीही. मी उठून बोलू शकत होतो. दोन वाक्यं होती: हे मी नीट वाचून दाखवलं नाही. चूक यांची नाही, माझी आहे. मी समोरच्या फाईलची दोरी बोटाला गुंडाळत बसलो.

तात्यांनी माझ्यावरची नजर काढली. "वाचून दावलं हुतं," म्हणाले. "समदं."

"म्हणजे चूक तुमची होती."

पंचवीस वर्षं टांगलेल्या वजनाखाली एकदाही न गेलेला तो माणूस कठड्याला डावा हात धरून उभा होता. दांडा पकडावा तसा.

"व्हय. माजी चूक हुती. मी लोडाखाली हुतो." मग आयुक्तांकडं तोंड केलं. "म्हणून तर मला ठाव हाय, सायेब. माजी कशी झाली त्ये मला ठाव हाय. ह्या रशीदची तशी न्हवती. त्यो बाजूला हुता."

आयुक्तांनी कागद मागून घेतला, वाचला आणि कंपनीच्या वकिलांना म्हणाले, "हा कशाला आणलात? हक्क सोडून दिल्याचा करार या कायद्यात चालत नाही. कलम सतरा वाचा. याला किंमत नाही."

ते मराठीत बोलले. तात्या अजून पिंजऱ्यातच होते.

रशीदची केस आम्ही जिंकलो. पुढं अशा चार-पाच केसेस माझ्याकडं आल्या. बारामतीच्या बारमध्ये मला थट्टेनं समुद्राचे वकील म्हणायला लागले आणि मी ते म्हणू दिलं. पण ते नंतर. त्या दिवशी रशीद त्याच्या भावासोबत पुढं गेला आणि तात्या आणि मी स्वारगेटवरून वालचंदनगरची गाडी पकडली. तात्यांनी दारात उभं राहून माणसं मोजली. अडतीस. मग माझ्याशेजारी बसले.

जेजुरी मागं पडली. मोरगावला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. त्यांनी पुन्हा मोजली. मग विचारलं,

"त्ये सतरा कलम. त्ये बी पंच्याण्णवला झालं का?"

इथं मी आणखी एक खोटं बोलू शकलो असतो. जीभ तयार होती.

"नाही, तात्या. तेवीस सालचं आहे."

"एकोणीसशे तेवीस?"

"हो."

"म्हंजी माज्या जल्माच्या आदीचं."

"हो."

"आन तुमाला कदी कळलं?"

"मुदतीत. दोन महिने शिल्लक होते."

बाहेर बाजरीची शेतं जात होती. त्यांनी उजव्या हाताचा तो अंगठा मुठीसारखा डाव्या हातात धरला. मी घाईघाईनं सांगत सुटलो, की अजून उशीर झालेला नाही, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, कारण मी आहे, मी प्रतिज्ञापत्र करतो.

"काय लिवणार त्यात?"

"खरं ते. तुमची चूक नव्हती. मी चुकीचं सांगितलं."

"आज मी शप्पत घिऊन सांगून आलोय, माजी चूक हुती. समदं वाचून दावलं. उद्या तुमी शप्पत घिऊन सांगणार, तसं न्हवतं. मग तितले सायेब म्हणत्याल, ह्यो माणूस खोटं बोलला. मग रशीदचं काय हुईल?"

याचं उत्तर त्यांच्याकडं पिंजऱ्यात असतानाच होतं. बोलायच्या आधी त्यांनी ते मोजून घेतलं होतं.

"तात्या, मला—"

"गाडी हाय," ते म्हणाले. "लोक बसल्यात."

बारामती आलं. मी पिशवी घेऊन उठलो. तात्यांनी छातीवरच्या खिशातून ते लाल कार्ड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"ह्ये ठेव तुज्याकडं."

"कशाला, तात्या?"

"आता हुडकू नगंस. उतर, भिवा. ठेसन आलं तुजं."

मी खाली उतरलो. स्टँडवर त्यांच्या खिडकीखाली उभा राहिलो, की खाली बघतील. माणसं चढत होती, बायका खिडकीतून पिशव्या टाकत होत्या. आत तात्या उठून दारापाशी आले, डाव्या हातानं दांडा धरला आणि पुढच्या बाकापासून मोजायला लागले. ओठ हलत होते. मोजत मोजत नजर दारावर आली, दाराबाहेर उभ्या माझ्यावरून गेली आणि थांबली नाही. मग त्यांनी कंडक्टरला आकडा सांगितला. मला तो ऐकू आला. मला सोडून बरोबर होता.